बाप ठोकतो, लेक फेकते

सुताराची थोरली शाळेत असतानाच खांद्यावर फळ्यांची चळत घेऊन जिना चढायची. खेळाच्या बाईंनी ते पाहिलं आणि पोरीला सरळ हातोडाफेकीत घातलं. थोरली नाचत घरी आली. "बाबा, मी हातोडा फेकणार!"

रंधा मारता मारता सुताराचा हात थांबला. "काय फेकणार?"

"हातोडा!"

झालं! या माणसाच्या दुकानात पटाशी असो की करवत, हातातून हातात द्यायची. एका कारागिराने लांबून हातोडी भिरकावली, तर त्याला आल्या पावली घरी धाडलं होतं. आणि आता पोटची पोर? "माझ्या घरात हत्यार फेकायचं नाही!" तो गरजला.

थोरलीही त्याचीच लेक. "फेकणार म्हणजे फेकणार!" बसा आता. दोघंही एकाच लाकडाची, रंधा कोण कुणावर मारणार?

पुढे थोरलीने असं काही फेकलं की विचारू नका. शाळेत पहिली, शहरात पहिली, मग अख्ख्या देशात पहिली. शेजारी म्हणायचे, "बाप ठोकतो, लेक फेकते, या घरात खरं बोलतं तरी कोण?" पेपरात फोटो यायचा तो गरगर फिरणाऱ्या थोरलीचा, फेकायची वस्तू बिचारी नेहमी चौकटीबाहेर. सुतार तिरक्या डोळ्याने बघायचा आणि संध्याकाळी सगळे हातोडे पेटीत घालून कुलूप लावायचा. थोरलीला वाटे, आपलं खेळणंच बाबांना खुपतं. ते तिला फार लागायचं. गळ्यात पदक पडलं की तिची नजर गर्दीत बाबांना शोधायची आणि हात हलवत परत यायची.

बघता बघता शेवटची स्पर्धा आली. गुडघे कधीचे कुरकुरत होते. "आई, एकदा तरी बाबांनी बघायला हवं होतं गं," म्हणताना त्या दांडग्या बाईचे डोळे भरून आले.

"तू फेकायचं बघ," आई म्हणाली. "ठोकायचं मी बघते."

आणि तिने नवऱ्याला दिली ठोकून: मैदानावरचा विजेत्यांचा चौथरा डुगडुगतोय म्हणे, आणि कुणाच्या बापाकडून तो दुरुस्त होत नाहीये. डुगडुगणारं लाकूड म्हटल्यावर सुतार कसला थांबतोय! पेटी उचलून गेला. नशीब, चौथरा खरोखरच डुगडुगत होता.

मैदानाकडे पाठ करून तो ठोकत बसला. इकडे थोरली वर्तुळात फिरायला लागली की तिकडे ठक ठक! तिचा ताल चुकायचा आणि फेक जाळीत. एकदा झालं, दोनदा झालं, शेवटी एकच फेक उरली. "अहो, जरा थांबवा ते!" पंच ओरडले. सुताराने मान वळवली.

"थांबा!" तोच ओरडला. "हातोडा कुठाय?"

थोरलीने हातातली तार उचलून दाखवली. तारेच्या टोकाला लोखंडी गोळा. "हा काय!"

"हा? हा तर गोळा आहे!"

"यालाच हातोडा म्हणतात," पंच म्हणाले.

"कोण म्हणतं? त्याने जन्मात एक खिळा तरी ठोकलाय का?"

मैदान खो खो हसत सुटलं. थोरली मात्र आ वासून बघत राहिली. "म्हणजे बाबा, इतकी वर्षं तुम्हाला वाटलं..."

"मला वाटलं, चांगली हत्यारं मातीत घालतेस," सुतार पुटपुटला. मग खाली बघत म्हणाला, "मूर्ख आहे मी. फेक, बाळ."

थोरलीने फेकलं. डोळ्यांतल्या पाण्याने समोरचं दिसत नव्हतं, गुडघा बोंबलत होता, तरी गोळा चांगला लांब गेला. पहिला नाही, दुसरा नाही, तिसरा नंबर आला. ती तिसऱ्या पायरीवर पाय ठेवणार तोच सुतार आडवा आला. शेवटचा खिळा ठोकला, तळव्याने पायरी दाबून बघितली आणि हातोडा थोरलीच्या हातात दिला. "धर. हा फेकू नकोस म्हणजे झालं."

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला: गळ्यात पदक, हातात सुतारी हातोडा. आता हरेक गिऱ्हाईक विचारतं, "लेक हाच हातोडा फेकते का हो?" आणि सुतार हातातलं काम टाकून समजावत बसतो. "अहो, तो हातोडा नसतो, गोळा असतो! एवढा जड! आणि आमची थोरली तो पार त्या कोपऱ्यापलीकडे... फेकत नाही हो, खरं सांगतोय. या डोळ्यांनी पाहिलंय मी."