पाऊलभर उशिरा वाजणारा नगारा

"पहिले असं नव्हतं व!" असं म्हणत बाजी चष्मा कपाळावर सरकवायची. नवा रस्ता असो, नवा फॉर्म असो, चहाचा नवा कप असो, तिला आधीचं सगळं नेमकं आठवायचं. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

अमरावतीच्या बसस्टँडजवळ एक कॉम्प्युटर सेंटर होतं. सलग दुसऱ्या वर्षी कापूस गेला होता आणि नुकसानीचे अर्ज भरायला गावोगावची माणसं येत. बाजी आणि मी शेजारी बसून ते टाइप करायचो. ती चाळिशीची, म्हणून सगळ्यांची बाजी, म्हणजे ताई; रोज अचलपूरहून एसटीनं यायची. अर्जातली प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचून समोरच्या म्हाताऱ्याकडून 'हो' म्हणवून घ्यायची. माझा हात तिच्यापेक्षा झरझर चालायचा, तरी लोक तिच्याच रांगेत उभे राहत. मला ते खुपायचं.

जेवणाच्या सुट्टीत ती एक व्हिडिओ गेम खेळायची. किल्ल्यातून पळणाऱ्या शिपायाचा, लहानपणी भावासोबत टीव्हीला जोडून खेळलेला. आता कंपनीनं तोच खेळ नव्या रंगात काढला होता, रिमास्टर म्हणे. मीही खेळायचे, पण तिसऱ्या लेव्हलच्या पुढे कधी गेले नाही.

जुन्या खेळात पूल उचलला जाण्याआधी नगारा वाजायचा आणि त्या ठोक्यावर उडी मारायची. नव्यात नगाराच नव्हता. फळीवर पाय असतानाही शिपाई खंदकात पडायचा.

"रंग चढवला अन् कान कापले," बाजी म्हणाली.

तिला इंग्रजी लिहिता येत नव्हतं, मेलही नव्हता. म्हणून तक्रार मी लिहिली, माझ्या मेलवरून. आपोआप उत्तर आलं: तुमचा आवाज आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.

"आवाजच तं गायब केला न यायनं!"

मग महिनाभर कंपनी गप्प. नंतर अपडेट आलं, त्यात शिपायाला नव्या टोप्या होत्या.

"मले टोपी नाई पायजे, नगारा पायजे," म्हणत बाजी कामाला लागली. घड्याळाचा सेकंदकाटा बघत तिनं वहीत लिहून काढलं: कुठली फळी, कुठला पाय, कितव्या पावलाला ठोका. मी ते इंग्रजीत करून पाठवलं.

या वेळी खऱ्या माणसाचं उत्तर आलं: इतकी नेमकी तक्रार आम्हाला कुणीच पाठवली नव्हती. नगारा दुरुस्त करतोय, बाहेर काढण्याआधी तुम्ही तपासून द्याल का? आभाराच्या यादीत तुमचं नाव देऊ.

'तुम्ही' म्हणजे कोण, हे त्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

"आलं का व काई?" बाजीनं डबा उघडत विचारलं.

"नाई, बाजी."

दुसऱ्या दिवशीही विचारलं, तिसऱ्याही. "त्यायले बी कामं असतीन," ती कंपनीचीच बाजू घ्यायची.

तपासायची प्रत मी एका रविवारी सेंटरमध्ये एकटीनं उघडली. नगारा वाजला. बरोबर वाजला की चूक, मला कळेना. तिची वही ड्रॉवरमध्येच होती. मी ती काढली नाही. लिहून टाकलं: सगळं बरोबर आहे.

अपडेट आलं त्या दिवशी बाजी दोनदा खंदकात पडली. "नगारा आहे, पण पाऊलभर उशिरा. कोन्या बहिऱ्यानं पास केलं व हे?" मग तिनं आभाराची यादी उघडली आणि एकेक अक्षर लावत वाचलं. माझं नाव, माझं आडनाव, अमरावती.

"मले सांगतलं काहून नाई?"

काय सांगणार होते? इतक्या दूरच्या अनोळखी माणसानं तुझं कौतुक केलं, तेही मला सोसलं नाही, हे?

पुढे मी कंपनीला खरं काय ते कळवलं. उत्तर आलं नाही. अर्जांचं काम संपलं, सेंटरनं आम्हा दोघींना कमी केलं, आणि बाजी अचलपूरला गेली ती मला पुन्हा दिसली नाही.

पण यादीत माझं नाव वाचलं त्या दिवशी ती ओरडली नाही. तिनं आपले हेडफोन काढून माझ्या कानांवर ठेवले, शिपायाला पुलाकडे पळवलं आणि माझ्या मनगटावर बोटानं ठोका दिला.

"इथं वाजाले पायजे होता. समजला फरक?"

मला काहीच समजलं नव्हतं.

"हो, बाजी," मी म्हटलं.