चारमिनार दाखवणारे दिगंबरराव

काचीगुड्यात कुणाच्याही घरी पाहुणा उतरला, की आधी दिगंबररावांना निरोप जाई. पाहुणा नांदेडचा असो की बीडचा, त्याला चारमिनार दाखवायचा तो दिगंबररावांनीच. सरकारी इमारत खात्यात ते साधे कारकून. पण आव असा, की चारमिनार यांच्याच आजोबांनी उभा केला!

पाहुण्यांना ते लगेच वर नेत नसत. खाली कमानीत दोघांना समोरासमोर उभं करायचे, तळहाताला तळहात लावून एकमेकांवर रेलायला लावायचे. "आता पाय मागे घ्या. आणखी. पडलात? नाही ना? ही झाली कमान! अशा चार कमानींवर हा सगळा डोलारा उभा आहे. एकानं हात काढला की खलास." एकदा परभणीचे एक जाडजूड वकील असे रेललेले असताना समोरच्याला शिंक आली. तेव्हापासून दिगंबरराव आधी सर्दी आहे का ते विचारून घेत.

या सगळ्या वर्षांत प्रमिलाबाई, त्यांच्या पत्नी, एकदाही वर गेल्या नव्हत्या. पाहुणे परत येईपर्यंत गरम पोळ्या कोण करणार?

छप्पन साली हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. मराठी माणसांपैकी मुंबई राज्यात कोण जाणार आणि इथं कोण राहणार, अशी खात्यात विचारणा सुरू झाली. दिगंबररावांचे जिवलग बाळकृष्ण औरंगाबादला गेले, बरकतपुऱ्यातली ओळखीची घरं एकेक करून रिकामी झाली. शहर सोडायच्या कल्पनेनं दिगंबररावांचा जीव तुटत होता. पण प्रमिलेचं माहेर परभणीचं. उभा संसार तिनं परमुलखात केला, आता तरी आपल्या माणसांत जाऊ दे तिला, असं मनाशी ठरवून ते साहेबांना 'जातो' म्हणून सांगून मोकळे झाले. घरी नुसतं कळवलं. प्रमिलाबाई "बरं" म्हणाल्या आणि तांदूळ निवडत बसल्या. सोमवारी नावं वर जायची होती.

शनिवारी त्या म्हणाल्या, "जायचंच आहे, तर तो तुमचा चारमिनार मला एकदा दाखवा की."

दिगंबरराव ओशाळले.

रविवारी पदर खोचून त्या अंधारा गोल जिना भराभर चढल्या; धाप लागली ती दिगंबररावांना. वर पोचताच त्यांची नेहमीची टकळी सुरू झाली, "ही मक्का मशीद, तो..." पण प्रमिलाबाईंचं लक्षच नव्हतं.

"तो लाड बाजार ना? थोरलीच्या लग्नाचा चुडा तिथला. आणि नदीपलीकडचे ते घुमट? दवाखाना? आपला धाकटा तिथं झाला. काचीगुडा कुठं हो?"

"तो आगगाडीचा धूर दिसतो ना, तिथं."

त्या बराच वेळ धुराकडे बघत राहिल्या. "शेजारची लक्ष्मम्मा आत्ता गच्चीत पापड घालत असेल, माझी वाट बघत," म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. "परभणीत आता मला कोण ओळखतं? आई गेली, अप्पा गेले."

"अगं, मी तुझ्यासाठीच तर..."

"हौ, माझ्यासाठी! आणि मलाच नाही विचारलं."

बायकोच्या मनातलं आपल्याला सगळं कळतं, या भ्रमात हा शहाणा माणूस इतकी वर्षं जगला होता.

खाली आल्यावर प्रमिलाबाई कमानीत थांबल्या आणि त्यांनी दोन्ही तळहात पुढे केले. "ते हाताचं शिकवा."

"इथं? लोक बघताहेत!"

"पाहुण्यांच्या वेळी नाही बघत?"

दिगंबररावांनी हात लावले. रिक्षावाले गालात हसत होते. चुलीपाशी राठ झालेले ते तळहात दिगंबररावांच्या हातांवर टेकले आणि दोघांनी पाय मागे घेतले.

"हात काढू नका हं," प्रमिलाबाई म्हणाल्या.

सोमवारी दिगंबरराव साहेबांपुढे उभे राहिले. "साब, मेरा नाम निकाल दीजिए. मैं यहींच रहता."

"क्यों भई? कल तक तो जा रहे थे!"

"घरवाली को शहर दिखाना बाकी है, साब."