किल्ल्यावरचा कंदील

मालवणसमोरच्या किल्ल्यात कोकम सरबत विकणाऱ्या एका मावशींना मी किल्ल्याचा इतिहास विचारला. "बोर्डार लिवलेलो आसा, वाच," म्हणाल्या आणि ग्लास विसळत राहिल्या. सरबत मात्र न मागता पुन्हा भरलं.

मग हळूहळू बोलल्या. घर किल्ल्यातच. पावसाळ्यात होड्या बंद झाल्या, की इथे मोजक्या घरांचीच काय ती सोबत. तेव्हा रोज तिन्हीसांजेला दूर खडकावरच्या दीपगृहाचा दिवा लागला, की त्या तटावर जाऊन आपला कंदील उंच धरतात.

मी शहाणपणा केला. "मावशी, तो दिवा आता आपोआप लागतो. तिथे माणूस नसतो."

"माका म्हायत आसा," ग्लास उपडा ठेवत त्या म्हणाल्या. "पण रोज कोण साद घालता, तर ओ देऊक नको?"