काळ्या खिडकीतली फाइल

फाइल खोडायची कमांड मला आजही एका दमात टाइप करता येत नाही. 'आर' आणि 'एम', दोनच अक्षरं. ती पडतात आणि बोटं थांबतात. ऑफिसातल्यांना वाटतं, वय झालं, चष्मा बदलायला हवा. वाटू दे.

नाशिकात गंगापूर रोडला एका छोट्या संस्थेत मी कॉम्प्युटरचं सगळं बघतो. सुरगाणा, पेठकडच्या वयस्कर माणसांचं बोलणं रेकॉर्ड करून जपायचं, हे संस्थेचं काम. तेव्हा मशीन तीन, तिन्ही तीन तऱ्हांची: लिनक्स, मॅक, विंडोज. कमांडने खोडलेली फाइल कायमची जाते, म्हणून मी एक सोय केली होती. ती दोन अक्षरं टाइप केली की फाइल खोडली न जाता 'कचरा' नावाच्या फोल्डरमध्ये सरकायची. अशा सोयीला अलायस म्हणतात. दोनचार ओळींचंच काम, पण प्रत्येक सिस्टीमला त्या ओळी वेगळ्या फाइलमध्ये आणि वेगळ्या जागी हव्या असतात. विंडोजवर तर टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडक्या, दोन होत्या. जुन्याची खिडकी निळी, नव्याची काळी, आणि दोन्हींची फाइल निरनिराळ्या फोल्डरांत. मी निळीची टाकली, तपासली. काळीचं उद्या बघू म्हटलं.

ते उद्या राहिलंच.

रेकॉर्डिंगला जायची ती मुलगी सुरगाण्याकडचीच, पंचविशीतली. मला दादा म्हणायची. तिने एकदा सरळ विचारलं होतं, "दादा, टाकलंय ना तिन्हींवर? नाहीतर माझ्या हातून काहीतरी जाईल बघा."

"टाकलंय गं. बिनधास्त खोड."

हे माझे शब्द. दुसऱ्या कुणाचे नाहीत.

एका दुपारी ती माझ्या टेबलाशी आली. "दादा, चुकून दाईबाईंचं फोल्डर खोडलं मी. कचऱ्यात बघितलं, तर काहीच नाही." एका पाड्यावरच्या म्हाताऱ्या सुईणीशी ती चार दिवस बोलत बसली होती, ते सगळं रेकॉर्डिंग त्या फोल्डरमध्ये होतं. बाई त्यानंतर महिनाभरात वारली होती. रेकॉर्डरचं कार्ड पुढच्या फेरीसाठी पुसून झालेलं.

तिच्या स्क्रीनवर काळी खिडकी उघडी होती. मला बघताक्षणी कळलं.

मी म्हटलं, "बघतो मी. तू चहा पिऊन ये खाली." ती गेली. मी निळ्या खिडकीची फाइल उचलली आणि काळीच्या फोल्डरमध्ये कॉपी केली. अर्धं मिनिटही लागलं नसेल. खोडलेलं मात्र परत आलं नाही. डेटा काढून देणाऱ्यानेही हात टेकले.

संध्याकाळी संस्था चालवणाऱ्या सरांनी दोघांना बोलावलं. "त्या मशीनवर तुझी सोय होती ना?"

"होती."

"दाखव."

मी काळी खिडकी उघडली, एक रिकामी फाइल बनवली, ती दोन अक्षरं टाइप केली. फाइल निमूट कचऱ्यात गेली. मग सोयीची फाइलही दाखवली. कॉपी केलेल्या फाइलवर बदलाची तारीख जुनीच राहते. सरांनी ती वाचली आणि तिच्याकडे वळले. "म्हणजे तू कचराही रिकामा केलास. चूक होते, गं. पण वर खोटं कशाला?"

"नाही केला, सर." मग माझ्याकडे बघून, "दादा, सांगा ना."

मी माउस सरळ करत होतो.

पंधरा दिवसांत तिने काम सोडलं.

त्या सुईणीचा आवाज मी एकदाच ऐकला होता, हिच्या हेडफोनवर. काही विचारलं की बाई आधी हसायची, मग बोलायची. काय बोलली ते आठवत नाही. हसू तेवढं राहिलंय. नव्या मशीनवर अलायस टाकायला बसलो, की पहिली ओळ लिहायच्या आत ते कानाशी येतं आणि मी मागे वळून बघतो. घरी कुणाला सांगितलेलं नाही हे.

गेल्या महिन्यात ते विंडोजचं मशीन भंगारात काढायचं ठरलं. त्याआधी मी ती फाइल शोधली. प्रॉपर्टीजमध्ये दोन तारखा असतात. बदलाची जुनी होती, पण फाइल तिथे तयार झाल्याची तारीख त्याच दुपारची, वेळेसकट. सहा वर्षं ती तिथे उघड्यावर पडून होती. कुणी एक क्लिक केलं असतं तर मी सापडलो असतो. कुणी केलं नाही, मीसुद्धा नाही.

ती आता वणीला एका शाळेत कॉम्प्युटर शिकवते. एसटीने गेलो. मधल्या सुट्टीत लॅबमध्ये बसून सगळं सांगितलं.

"मला वाटायला लागलं होतं, मीच रिकामा केला असेल," ती शेवटी म्हणाली. "किती दिवस आठवत बसायचे. मग एक दिवस मला आठवलंच, दादा. हाताने रिकामा करताना दिसायला लागलं. जे झालंच नाही ते."

मी म्हटलं, "माफ कर."

"सरांना सांगितलंत?"

"नाही."

"मग माझ्याकडे आधी कशाला आलात? मला तर खरं माहीतच होतं की कधीकाळी." ती हसली नाही. "लावा फोन."

सर आता निवृत्त, नाशिक रोडला असतात. मी स्पीकरवर लावला आणि सांगितलं, पहिल्यापासून, चहासकट. पलीकडे टीव्हीचा आवाज येत होता. मग तो बंद झाला.

"मी खोटारडी म्हटलं रे तिला," सर म्हणाले. "कुठंय ती? आहे का तिथं? दे तिला फोन."

मी फोन पुढे केला. तिने हात मांडीवरून उचलले नाहीत.

"सांगा त्यांना," ती हळूच म्हणाली, "तासाला गेलीय."

ती माझ्या समोरच बसली होती. सुट्टी संपायला अजून दहा मिनिटं होती.

"तासाला गेलीय, सर," मी म्हटलं.