चिखल्याचं सोंग

आज जुने कापडी बूट झटकले, तर त्यातून भुईगावची वाळू पडली, आणि एक सकाळ आठवली. सुरूच्या बनापलीकडे वाळूच्या टेकड्या होत्या आणि त्यांच्यामागे भरतीचं पाणी साचून झालेलं तळं. मी दुर्बीण घेऊन निघालो की आई कुरकुरायची. त्या दिवशी मात्र चपला हातात घेऊन तीही आली. टेकडी चढताना चिमणीहून जरासा मोठा एक चिखल्या पक्षी पंख ओढत आमच्यापुढे लंगडायला लागला. "बिचाऱ्याचा पंख मोडलाय," म्हणत आई पदर पसरून त्याच्यामागे निघाली. मी म्हटलं, "आई, थांब. त्याला काही झालेलं नाही. अंडी इथंच कुठंतरी वाळूत आहेत, म्हणून तो आपल्याला लांब नेतोय." आईचा उचललेला पाय तसाच राहिला. वाळूच्याच रंगाची ती अंडी आम्हाला शेवटपर्यंत दिसली नाहीत. माझा खांदा धरून, आपल्याच पावलांच्या ठशांवर पाय ठेवत ती मागे आली. "आई असंल ती," ती हळूच म्हणाली, "मी पन हेच केलं असतं." परवा तिच्या गुडघ्याचं विचारायला फोन केला. "काय पन दुखत नाय, तू तुझं काम बघ," म्हणाली. बोलता बोलता ती घरात चालत होती, आणि फरशीवर टेकणाऱ्या काठीचा आवाज मला ऐकू येत होता.