मंडीत मिळतो तो मटार

मटार मंडीत मिळतो, हे मला कुणी शिकवायला नको होतं. इकडे हिंदी मुलखात, अधारतालच्या पुढे, मटार सोलून, गोठवून पाकिटात भरणारा आमचा कारखाना आहे आणि तिथल्या खरेदी विभागात माझे केस पांढरे झालेत. तरी नवे साहेब आले आणि पहिल्याच हंगामाच्या तोंडावर मला हेच समजावायला बसले. त्यांच्या दारावर पाटी होती ‘प्रोक्युअरमेंट हेड’. पद एवढं भारदस्त, आणि डोक्यात मात्र भाजीची पिशवी.

साहेब नागपूरकडचे, त्यामुळे झापायचे तेही आपल्याच भाषेत. “मॅडम, तुम्ही दर दसऱ्याला पाटणला काहून जाता? मटर मंडीत आहे. भाव पाहायचा, घ्यायचा, चलो. आपण खरेदी करून राहिलो, सोयरीक नाही.”

“सोयरीकच आहे, सर,” मी म्हटलं.

होतीच ती. पेरणीआधी पाटणच्या एका शेतकऱ्याच्या बांधावर बसून बियाणं कोणतं, पेरा कधी, हे मी ठरवत असे. सगळं शेत एकदम पेरलं तर शेंगाही एकदम भरतात आणि कारखान्याला त्या पेलत नाहीत, म्हणून तुकड्यातुकड्यानं पेरायचं. भाव ठरायचा तो चहा झाल्यावर. माझ्या आईची रीत हीच. वर्षाचे गहू भरताना ती आधी दाणा चावून बघायची, मग शेत कुठलं ते विचारायची, आणि भाव सगळ्यात शेवटी. बाजारातून दोन दिवसांची भाजी आणणं वेगळं आणि घराच्या वर्षभराच्या पोळीची सोय लावणं वेगळं. पाटीवरच्या त्या इंग्रजी शब्दाचा अर्थ याहून जास्त काही नाही.

त्या वर्षी पाटणला शब्द देऊन झाला होता. ऐन हंगामात मंडीत भाव कोसळला आणि साहेबांनी गाड्या तिकडे वळवल्या. दुपारी शेतकऱ्याचा फोन आला, “दीदी, फली तैयार है. गाड़ी कब भेजोगी?” भरलेली शेंग कुणासाठी थांबत नाही, दाणा पिठूळ होतो. शब्द कारखान्याच्या नावानं दिला असला तरी तोंड माझं होतं. मी गाडी पाठवून दिली.

“कोणाच्या परवानगीनं?” साहेबांनी विचारलं.

“माझ्या.”

“मंडीत याच्याहून स्वस्त होता.”

“आज होता. पुढच्या वर्षीचं सांगा.”

पुढचं वर्ष त्यांच्या हातात नव्हतं, माझी बदली मात्र होती. हंगाम सरताच माझी रवानगी गोदामात झाली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? माफी मागितलीत तर परत घेऊ, असा निरोप आला होता. मागितली नाही. आजही मागणार नाही.

पुढच्या दसऱ्यानंतर रजा टाकून स्कूटीवर पाटणला गेले. खरेदी विभागातून त्या शेतकऱ्याकडे कुणी फिरकलंच नव्हतं. तो माझी वाट पाहत होता. “दीदी, इस बार कौन सा बीज लें?”

“मेरे भरोसे मत बोना, भैया. मेरी ज़बान अब वहाँ नहीं चलती.” मी सांगून टाकलं.

“तो फिर गेहूँ डाल देते हैं,” तो म्हणाला. चहा मात्र नेहमीसारखा झाला.

त्या हिवाळ्यात धुकं हटेना, शेंग भरेना आणि मंडीत मटाराचा भाव चढतच गेला. जो माल यायचा तो शिळा, पोती आतून गरम लागायची, दाणा पिवळा निघायचा. एका सकाळी साहेब स्वतः गोदामात उतरले.

“मॅडम, तुमच्या त्या पाटणवाल्याला फोन लावून पाहा ना.”

“त्यानं गहू पेरलाय, सर.”

“अच्छा. मग आता मटर आणायचा कुठून?”

“मंडीत आहे,” मी म्हटलं. “भाव पाहायचा, घ्यायचा, चलो.”