काचेतला थोरला

आईचा एकच फोटो आहे आणि तो थोरल्या भावाच्या घरी आहे. आईच्या तेराव्याच्या दिवशी मी म्हणालो, "दादा, फोटो माझ्याकडे राहू दे." चारचौघांत तो म्हणाला, "तुझ्याकडे? गिऱ्हाईक आलं तर तिचाही भाव करशील." दोघं-तिघं हसले. मी भरल्या ताटावरून उठलो, तो आजतागायत त्याच्या दारात पाऊल टाकलेलं नाही.

भाव करतो मी, खरंय. चाकणच्या कंपन्यांच्या गेटवर उभं राहून मोडक्या लाकडी पॅलेटांचा भाव करत करतच वखार उभी केली. कुणी हात दिला नाही.

रक्तदाब वाढला तेव्हा मुलीनं एक नाद लावून दिला. कॅनव्हासवर फोटो छापून आणायचा आणि त्यावर रंग, कापड, कागद, जे सुचेल ते चढवायचं. वखारीची, ट्रकांची चार-पाच चित्रं केली. मग आईचं करावंसं वाटायला लागलं. ती बाजारात कांदे निवडायची; घरी येऊन पदर झटकला की खोलीभर टरफलं उडायची. फोटोतल्या पदरावर खरी टरफलं चिकटवायची, असं मनानं घेतलं. मुलीनं काकाकडे फोटो मागितला. त्यानं काचेच्या चौकटीतल्या त्या फोटोचाच मोबाइलवर फोटो काढून पाठवला. सोबत एक शब्द नाही.

ताथवड्यातल्या छपाईवाल्यानं तो स्क्रीनवर मोठा केला. "काका, काचेत फोटो काढणारा माणूस दिसतोय बघा. उडवू का?"

"किती घेशील?"

"फ्री."

फुकट म्हटलं की मी सावध होतो. पण खरं कारण वेगळं होतं. थोरल्याला मला माझ्या हातानं झाकायचं होतं. "राहू दे. त्यापेक्षा छपाईचे कमी कर."

रविवारी कॅनव्हास वखारीतल्या टेबलावर पसरला. आईच्या पदरावर, बरोबर मधोमध, थोरला. पुसट. मी टरफल डिंकात बुडवलं आणि सवयीनं आधी माल नीट पाहून घेतला. केस पांढरे झालेत. चष्मा कपाळावर. तोंड किंचित उघडं. लहानपणी माझ्या पायातला काटा काढताना त्याचं तोंड असंच उघडं असायचं. काटा निघाला की नखावर ठेवून दाखवायचा, "एवढ्याशासाठी रडत होतास व्हय रं?"

मग एक गोष्ट लक्षात आली. त्याच्याकडे फोटो दाराच्या वर पक्का ठोकून बसवलाय, मुलगी सांगते. मग याचा चेहरा काचेसमोर कसा? स्टुलावर चढला असणार. दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेला माणूस. फोटो तिरका येऊ नये म्हणून.

टरफल बोटालाच चिकटून वाळलं.

दुसरी टरफलं घेतली आणि त्याच्याभोवतीनं लावली. त्याचं ते वाक्य मी विसरलेलो नाही, विसरणारही नाही. पण चौकटीला बिनगाठीचं लाकूड निवडलं, भिंतीत नवा खिळा ठोकला आणि चित्र खाली टांगलं, स्टुलावर न चढता, खुर्चीत बसूनही नीट दिसेल असं.

मुलगी म्हणाली, "बाबा, एवढं खाली?"

"खिळा तिथंच होता," मी म्हणालो.